तळाला बसलेली अंडी

तिला सगळे गाळणी म्हणत. तोंडावर गाळणीबाई, माघारी नुसतं गाळणी. नाव ठेवलं होतं जुन्या साहेबांनी, आणि तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही. बाईमाणसाला जन्मभर कोणाची तरी मुलगी नाहीतर कोणाची तरी बायको म्हणून हाक पडते, आपल्याला निदान कामावरून तरी पडते, असं तिचं म्हणणं. ती कोणाची बायको ते तसंही सगळ्यांना ठाऊक होतं. ती पंपवाल्याची बायको.

समुद्राकाठचं ते मत्स्यबीज केंद्र म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हतं. पत्र्याखाली गोल टाक्यांच्या दोन रांगा, पलीकडे पंपघर, अलीकडे ऑफिसची खोली आणि कुंपणाला पाठ लावून उभं दोन खोल्यांचं क्वार्टर. पंपाने समुद्राचं पाणी ओढायचं, टाक्यांत सोडायचं, टाक्यांत मोठ्या माद्या सांभाळायच्या, त्यांची अंडी उबवायची आणि पिल्लं बोटाएवढी झाली की जवळच्या खाडीत नेऊन सोडायची. पूर्वी खाडीत ही पिल्लं आपोआप होत. आता होत नव्हती, म्हणून हा सगळा खटाटोप.

लग्न होऊन ती इथे आली तेव्हा तिचा या कामाशी काही संबंध नव्हता. एका दुपारी ती दारात बसून धान्य निवडत होती. जुने साहेब पंपवाल्याला हाका मारत आले. तो सापडला नाही, पण हिची बोटं बघत ते तिथेच थबकले. अंडी वेचणारा माणूस पळाला होता, येतेस का म्हणून त्यांनी विचारलं. सासूला विचारून सांगते म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सासूला न विचारताच कामावर गेली.

साहेबांनी पहिल्याच दिवशी जे शिकवलं त्यावर तिची पुढची सगळी वर्षं निघाली. मोहरीहून बारीक, काचेच्या मण्यासारखं ते अंडं. जिवंत असलं तर पाण्यावर तरंगतं. मेलेलं तळाला बसतं. तरंगणारी बारीक जाळीच्या गाळणीने अलगद उचलून उबवायच्या टाकीत न्यायची. तळाची रबरी नळीने ओढून बादलीत घ्यायची आणि बादली गटारात. तळाची वेळेवर काढली नाहीत तर ती कुजतात आणि वरच्यांनाही घेऊन जातात. म्हणून हात चालवायचा, विचार करत बसायचं नाही.

हाच नियम तिने घरालाही लावला होता. सासरे गेल्यावर धाकट्या दिराने गोड बोलून राहतं घर आपल्या नावावर करून घेतलं, तेव्हा तिने त्याला तळाच्या बादलीत टाकलं आणि पुन्हा कधी वर काढलं नाही. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. फोनवर ती आईबाबांना राहायला बोलवायची, पण बोलावताना आवाज हळू करायची, म्हणजे सासूला ऐकू जाऊ नये. आईला ते कळायचं. नवऱ्याचं मात्र तिला नीट ठरवता आलं नव्हतं. तो धड वरही नाही आणि धड तळालाही नाही, मधल्यामध्ये कुठेतरी तरंगत असायचा. बोलणं कमी, रागावणं त्याहून कमी, पण एकदा रुसला की आठवडाभर त्याचा संसार भिंतीशी.

टाक्यांमध्ये तिची लाडकी होती आत्याबाई. एवढी मोठी मादी केंद्रात दुसरी नव्हती. एखाद्या घरची आत्या यावी तशी ती आपल्या मर्जीने वागायची. कोणी टाकीवर वाकून मोठ्याने बोललं की दोन दिवस अन्न सोडायची, आणि गाळणीच्या हातून मात्र बोटाला ओठ लावून खायची. तिच्या टाकीत दोन नर होते, त्यांना कोणी नाव ठेवायचेही कष्ट घेतले नव्हते. एका वेळी लाखांनी अंडी घालणारी आत्याबाई गेले दोन हंगाम मात्र रिकामी होती.

दोष तिचा नव्हता. समुद्र बिघडला होता. उन्हाळ्यात टाकीत हात घातला तर अंघोळीनंतर बादलीत उरलेल्या पाण्यासारखं कोमट लागायचं. अशा पाण्यात अंडी घाईने फुटत आणि पिल्लं किडकिडीत निघत. प्रत्येक पिल्लाच्या पोटाला शिदोरी बांधलेली असते, पिवळ्या थेंबाएवढी. कोमट पाण्यात ती भराभर संपते. शिदोरी संपून तोंड उघडलं की समोर खायला हवं, आणि ते खाणं म्हणजे पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव. ते आपल्या वेळेने येणार. पंगत बसली आणि चूल पेटलेली नाही, अशी गत. सकाळी गाळणीच्या जाळीत पिल्लं सापडत ती उघड्या तोंडांची.

वाऱ्याच्या दिवसांत उलटा प्रकार. खोलवरचं गार पाणी किनाऱ्याकडे वर चढून येई. दिसायला काचेसारखं स्वच्छ, पण त्यात दम नसे, म्हणजे श्वासापुरता प्राणवायूच नसे. पिल्लं वर येऊन तोंडाची उघडझाप करत आणि दुपारपर्यंत तळाला जात.

हे सगळं समजावून सांगायच्या डॉक्टरीणबाई. जुने साहेब निवृत्त झाल्यावर त्या आल्या होत्या. माशांच्या डॉक्टर, पण आल्या तेव्हा वॉचमन त्यांच्याकडे खोकल्याचं औषध मागायला गेला होता, आणि त्यांनी न हसता त्याला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला सांगितल्या. तेव्हापासून सगळ्यांना त्या आवडायच्या. त्या म्हणायच्या, खाडीतही हेच चाललंय, फक्त तिथे बघायला कोणी नाही. आपल्याकडे निदान गाळणीमावशी आहेत.

गेल्या वर्षी असंच ते बिनदमाचं पाणी पहाटे पंपातून आत आलं आणि पिल्लांची अख्खी खेप गेली. तसलं पाणी डोळ्यांना दिसत नाही, पण पंपावर कोण होतं ते मुख्य कचेरीला दिसलं. वरच्या साहेबांनी पंपवाल्याला उभं करून बजावलं की यापुढे पाण्यामुळे एक जरी खेप गेली तर त्याने घरी बसावं. डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या म्हणून तेवढ्यावर निभावलं. मग त्यांच्याच सांगण्यावरून पंपवाल्याने समुद्रातल्या पाइपाचं तोंड तळापासून उचलून वर, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ, तरंगत्या पिंपांना बांधून ठेवलं. खालचं वाईट पाणी नको, वरचं घेऊ.

घरी बसावं, असं वरच्या साहेबांनी म्हणायला म्हटलं, पण बसायला घर कुठे होतं? नवऱ्याची नोकरी पक्की, तिची रोजावर, आणि क्वार्टर नवऱ्याच्या नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की डोक्यावरचं छप्पर गेलं. मग दिराचं दार, नाहीतर मुलीच्या घरी तिच्या सासूच्या खोलीतला कोपरा.

पंपवाल्याची एक रीत होती. पंप सुरू करण्याआधी तो मगभर समुद्राचं पाणी काढायचा, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकून टाकायचा. खारेपणा किती हे मोजायला मीटर होता, पण तो दर थोड्या दिवसांनी दुरुस्तीला जायचा, आणि पंपवाल्याची जीभ कधी दुरुस्तीला गेली नव्हती. बाई स्वतः मीटर लावून बघायच्या आणि मान डोलवायच्या.

त्या हंगामाच्या सुरुवातीला त्याला मोठा ताप आला. ताप गेला, पण जाताना जिभेची चव घेऊन गेला. सगळ्यांत आधी हे स्वयंपाकघरात कळलं. ताटात बसला की तो मीठ मागायचा. मग मागायचं सोडून स्वतःच उठून घ्यायचा. एकदा ती भाजीत मीठच घालायला विसरली, तर मुकाट्याने जेवून उठला. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवसापासून पंप सुरू व्हायच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून पंपघरात जायला लागली. कधी चहा देण्यासाठी, कधी फडकं मागण्यासाठी. जाता जाता मगातलं बोट जिभेला लावायची. पाणी ठीक असायचं. तोही काही बोलायचा नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात न बोलता चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी असतात, त्यात ही एक वाढली.

मीटर पुन्हा दुरुस्तीला गेला. बाई मुख्य कचेरीत गेल्या, केंद्र चालू ठेवावं म्हणून मनधरणी करायला. जाताना म्हणून गेल्या, की मीटर नाही म्हणून घाबरू नका, तुमची जीभ आहे. पंपवाल्याने मान हलवली.

आणि त्याच दिवशी दुपारी तिची जीभ घसरली.

वॉचमन जेवणाच्या वेळेला किल्ली द्यायला आला होता, त्याला तिने बसवून घेतलं. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि सवयीने मिठाकडे हात नेला. पाहुण्यासमोर तिला ते लागलं. वॉचमन उद्या सगळीकडे सांगत फिरेल की वहिनीच्या हाताला चव नाही. ती म्हणाली, "भाजी अळणी नाही, तुमची जीभ अळणी झालीय. उद्या समुद्राला सुद्धा अळणी म्हणाल."

वॉचमन इतका हसला की त्याला ठसका लागला. संध्याकाळपर्यंत हा विनोद कुंपणाच्या आत सगळीकडे फिरून आला. टाक्या घासणारा माणूसही पंपवाल्याला जाता जाता विचारून गेला, "काय मग, समुद्रात मीठ टाकू का?"

रात्री नवरा एवढंच म्हणाला, की पंपघरात आता पाऊल टाकायचं नाही. आणि भिंतीकडे तोंड केलं. तिला वाटलं, दोन दिवसांत निवळेल. तिचाही ताठा होता. दुसऱ्या दिवशी पंपघराकडे ती फिरकली नाही.

त्या दुसऱ्याच दिवशी, नदीवर लांब कुठेतरी वर धरणाचे दरवाजे उघडले होते. इथे आभाळ कोरडं ठणठणीत, त्यामुळे कोणाच्या मनातही आलं नाही. नदीचं गोडं पाणी हलकं. समुद्राला मिळालं की ते लगेच मिसळत नाही, दुधावरच्या सायीसारखं वर पसरत येतं. पाइपाचं तोंड आता वरच होतं. अंधार पडायच्या सुमाराला पंपवाल्याने मग भरला, घोट घेतला, थुंकला, आणि पंप सुरू केला.

सकाळी उजाडताच ती टाक्यांवर आली, आणि आत्याबाईच्या टाकीशी येऊन तिची पावलं अडली. पाण्याला तो ओळखीचा वास होता, फेसाची बारीक रेघ कडेला लागली होती. दोन हंगामांनंतर आत्याबाईने अंडी घातली होती.

ती वाकून बघू लागली. पाण्यावर काही नव्हतं. इथे एखादं, तिथे एखादं. तळाला मात्र पांढुरका थर बसला होता, पीठ सांडावं तसा. पाणी किंचित गढूळ, त्यातला गाळ अंड्यांवर बसलेला, त्यामुळे ती निस्तेज दिसत होती. आत्याबाई कडेने हळूहळू फिरत होती.

हाताला विचार करायची सवय नव्हती. मेलेली अंडी पाण्यात फार वेळ राहिली तर आत्याबाईलाही त्रास. तिने रबरी नळी लावली आणि तळ ओढायला सुरुवात केली. बादली भरली की गटारात, पुन्हा भरली की पुन्हा गटारात. एवढी अंडी तिने एका वेळी कधी टाकली नव्हती. काम करताना ती आत्याबाईशी बोलत होती, की असू दे, होतं असं, वय झालं की होतं असं. शेवटची बादली उचलताना नळी निसटली आणि पाणी तिच्या तोंडावर उडालं. पदराने पुसता पुसता तिची जीभ ओठावरून फिरली.

तिने बादली खाली ठेवली, ओंजळीत टाकीतलं पाणी घेतलं आणि तोंडात घेतलं. खारट होतं, पण डोळ्यांतल्या पाण्याएवढंच. समुद्राएवढं नव्हतं.

साहेबांनी शिकवलेला नियम समुद्राच्या पाण्याचा होता. जड पाणी अंड्याला उचलून धरतं. हलक्या पाण्यात जिवंत अंडंही बुडतं. हेही साहेबांनी कधीतरी सांगितलं होतं, पण अशी वेळ इतक्या वर्षांत आली नव्हती, आणि कामाला न येणारी गोष्ट डोक्यात किती दिवस राहणार?

शेवटची बादली अजून तिच्या पायाशी होती. तळाशी ओंजळभर अंडी. तिने कोपऱ्यातल्या साठवणीच्या टाकीतून, जी आठवड्यापूर्वी भरली होती, काचेच्या भांड्यात पाणी घेतलं, त्यात ती अंडी सोडली आणि भांडं उजेडात धरलं. काही क्षण ती खाली गेली. गाळ सुटून खाली बसला. मग एक वर यायला लागलं. मग दुसरं. मग सगळीच, सावकाश, जिना चढून थकलेली माणसं यावीत तशी, आणि पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन एकमेकांना टेकून राहिली. स्वच्छ, काचेसारखी.

ती गटाराकडे धावली नाही. गटारात साबणाचं पाणी होतं, तिनेच सकाळी सोडलेलं.

भांड्यातली अंडी तिने साठवणीच्या टाकीतल्या पाण्यात, उबवायच्या जागी नेऊन सोडली आणि सरळ पंपघरात गेली. नवरा पंपाला वंगण देत होता. तिला आत आलेली बघून त्याने कपाळाला आठी घातली, आणि मग तिचा चेहरा बघून ती काढून घेतली.

"काल पाणी चाखलं होतं का?" तिने विचारलं.

"चाखलं."

"मग?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. एकेक बोट वेगळं पुसलं. "अळणी लागलं."

"अळणी लागलं, तर ओढलंत कशाला?"

"मला सगळंच अळणी लागतं ना हल्ली," तो म्हणाला. "तूच म्हणालीस, समुद्रसुद्धा अळणी लागेल. म्हटलं, तेच असेल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला बरं वाटलं असतं. जीभ त्याची बरोबर होती. त्या जिभेवर विश्वास ठेवू नकोस, हे त्याला तिने चारचौघांत शिकवलं होतं.

तिने त्याला अंड्यांचं सांगितलं. तो खाली बसला. बाई आल्या की सांगून टाकतो, माझ्या हातून झालं म्हणून, असं तो म्हणाला. पाणी मी ओढलं, दुसरं कोणी नाही.

"आणि जायचं कुठे? भावाच्या दारात?" ती म्हणाली. मग तिने विचारलं, भरती कधी. दुपारी, तो म्हणाला. भरतीला खारं पाणी आत शिरतं, तेव्हा पाइप खाली सोडून सगळ्या टाक्यांचं पाणी बदला, असं तिने सांगितलं. बाई संध्याकाळी येतील तोवर सगळं पहिल्यासारखं झालं पाहिजे.

"अंड्यांचं काय सांगायचं?"

"म्हातारी झाली, म्हणून सांगायचं."

त्याने टाक्यांकडे बघितलं. मग उठला आणि पाइपाचा दोर सोडायला गेला.

संध्याकाळी बाई आल्या त्या थेट आत्याबाईच्या टाकीवर. वॉचमनने फाटकातच बातमी दिली होती. गाळणीने सांगितलं, की अंडी खूप घातली, पण जवळजवळ सगळी तळाला. वरची वाटीभर मिळाली ती ठेवली आहेत. बाईंनी तिच्यावर अविश्वास दाखवावा असं तिने आजवर काही केलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणजे वय झालं, त्या म्हणाल्या. मग हळूच पंपवाल्याला विचारलं, पाणी ठीक होतं ना? तो नळीचं भेंडोळं करत होता. त्याने बायकोकडे न बघता होकाराची मान हलवली.

आत्याबाई केंद्रातच राहील असं ती धरून चालली होती. म्हातारं माणूस घरात राहतं तशी, एका कडेला. पण दोन दिवसांनी बाईंनी सांगितलं की टाकी तरुण मादीसाठी हवी आहे, मुख्य कचेरीने तेवढं तरी मान्य केलंय. विकायचं त्यांच्या मनात नव्हतं. इतकी वर्षं दिली तिने, आपण तिला समुद्रात सोडू, त्या म्हणाल्या, आणि हे त्या चांगुलपणाने म्हणत होत्या.

गाळणीच्या हातातली जाळी तशीच राहिली. बोलायची वेळ हीच होती, हे तिला कळत होतं. नवऱ्याचे हातही थांबले होते.

"बाहेरचं पाणी गरम आहे, बाई," ती म्हणाली. "थोडे दिवस थांबलं तर."

"टाकीतलं तरी कुठे गार आहे, मावशी?"

त्यावर खरं उत्तर तिच्याजवळ होतं. ते देता येत नव्हतं.

आत्याबाईला ओल्या कापडात घालून नवरा आणि वॉचमन धक्क्याच्या पायऱ्यांवर घेऊन गेले. तिला बोलावलं होतं, पण ती क्वार्टरमध्ये भांडी घासत राहिली. स्वच्छ भांडी पुन्हा घासली. नवऱ्याने येऊन सांगितलं की सोडल्यावर ती लांब गेलीच नाही. पायऱ्यांपाशीच घुटमळत होती. जिला जन्मात कधी खाणं शोधावं लागलं नाही, ती शोधणार तरी काय?

वाटीभर अंड्यांमधून पिल्लं निघाली. आधी जिऱ्याएवढी, मग मोठी. शिदोरी संपली, तोंडं उघडली, आणि या खेपेला समोर खाणं होतं, कारण थोडीच पिल्लं असल्यामुळे जे होतं ते पुरलं. बाई रोज सकाळी येऊन त्यांना बघायच्या. अशी दमदार पिल्लं त्या इथे आल्यापासून झाली नव्हती. एकही वेडंवाकडं नाही, पाठीचा कणा सरळ, पोटं भरलेली. आठवडा झाला तरी मरायचं नाव नाही. केंद्रात पहिल्यांदाच कोणीतरी चहाबरोबर बिस्किटं मागवली.

त्या सकाळी बाई टाकीच्या कडेवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "मावशी, अंडी एवढी खराब असती तर त्यातूनच अशी पिल्लं कशी झाली असती?"

गाळणी जाळी धुत होती. तिने नळ थोडा मोठा सोडला.

"होतं कधी कधी, बाई," ती म्हणाली. "वाळलेल्या झाडालासुद्धा एखादी फांदी हिरवी असते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. तिच्या चेहऱ्यावर काही सापडलं की नाही, ते त्यांनी दाखवलं नाही. मीटर आजच दुरुस्त होऊन आलाय, तो पंपवाल्याला द्या, एवढं म्हणून त्या ऑफिसात गेल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, पण त्या दिवसापासून टाक्यांवर आल्या की त्या आधी मीटर लावून बघत आणि मग तिच्याशी बोलत. आधी उलटं असायचं.

मीटर पंपघरात खिळ्याला लटकला. तरी दुसऱ्या दिवशी उजाडताना ती पंपघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. अबोला कधी सुटला ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तो सुटला नव्हता, त्याच्यावरून दोघं चालायला लागली होती, एवढंच. नवऱ्याने मग भरला. स्वतः घोट घेतला, थुंकला, आणि मग काही न बोलता तिच्यापुढे धरला. तिनेही घेतला.

"चालेल," ती म्हणाली.

मग रोजचंच झालं ते. आधी तो, मग ती. आणि मग परत देताना ती विचारायची, "दिसली का?"

पहिले काही दिवस तो हो म्हणायचा. पाइपाच्या तोंडाशी आहे. जिथून पाणी आत जातं तिथे येऊन उभी राहते, आपल्या टाकीचा वास येत असेल. खाण्याची बादली पायऱ्यांवर धुतली की वर येते. एकदा म्हणाला, बारीक झालीय. ती उरलेलं खाणं कागदात बांधून त्याच्याकडे द्यायची. तो काही न विचारता पायऱ्या उतरून जायचा.

वारा फिरला तसं पाणी काचेसारखं स्वच्छ झालं, तळापर्यंत दिसायला लागलं. बाईंनी सांगितलं, खालचं वर आलंय, दोन दिवस पंप बंदच ठेवा. दोन दिवसांनी नवऱ्याने मग भरला, घोट घेतला, थुंकला, आणि तिच्यापुढे धरला. तिने चाखलं. खारट होतं, अगदी हवं तसं.

"दिसली का?"

तो पंपाच्या खटक्याशी वाकला होता. तिने काल दिलेली खाण्याची पुडी तशीच बांधलेली त्याच्या खिशातून वर आली होती.

"पाणी ठीक आहे ना?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली, आणि त्याने पंप सुरू केला.